दोन जिने

गोहरबानूंची किल्ली वीतभर लांब,
कुलूप मात्र नवं, अंगठ्याएवढं.
ती किल्ली आता कशालाच लागत नाही,
तरी त्या ती घेऊन येतात.

यज्दच्या कडेला, जिथे घरं संपतात
आणि मीठ सुरू होतं,
एक मातीचा घुमट, गळ्यापर्यंत पुरलेला.
भोवती चार बादगीर, वारा धरणारे मनोरे,
चाहूल लागलेल्या जनावराच्या कानांसारखे.
आब-अंबार, बाई म्हणतात.
पाण्याचं कोठार.

जिने दोन.
हा आमचा, अग्यारीवाल्यांचा.
तो पलीकडचा, मशिदीवाल्यांचा.
नातू बेहमन हे इंग्रजीत सांगतो
अवघडून, जणू त्यानेच बांधलेत.
मी विचारत नाही, का.
पाणवठ्याचं 'का' मला घरूनच पाठ आहे.

उतरताना पायऱ्या चोपन्न.
विसाव्या पायरीला ऊन मागे राहतं,
तिसाव्याला घाम,
चाळिसावीला माणूस आपोआप हळू बोलू लागतो.
भिंतीत कंबरेच्या उंचीवर एक गुळगुळीत खोलगट रेघ,
भरल्या कळश्या काखेला लावून चढणाऱ्या बायकांनी
टेकून टेकून घासलेली.
मी कंबर लावून पाहिली. बसली.

तळाशी पितळी तोटी.
तिची मान पिरगाळली तर आतून वारा.
हौद कोरडा पडून त्रेचाळीस वर्षं झाली.

गोहरबानू तोटीपुढे उकिडव्या बसल्या
आणि हात धारेखाली धरावा तसा धरून सांगू लागल्या.
नळी एकच होती, तोंडं दोन,
मधे विटेच्या जाडीची भिंत.
पलीकडे कुणी तोटी सोडली
की इकडची धार करंगळीएवढी व्हायची.
पहाटे एकजण यायचा. खोकायचा.
मी माझी तोटी बंद करायचे,
भरू दे म्हाताऱ्याला.
मग तोही कधी आपली बंद करायचा
आणि माझी धार एकदम मनगटाएवढी.
असे तीन हिवाळे. तोंड पाहिलं नाही.

मग?

मग चौथ्या हिवाळ्यात धार मनगटाएवढीच राहिली, रोज.
कळशी लवकर भरायची.
ते मला आवडायचं नाही.

हे शेवटचं बेहमनने आजीला दोनदा विचारून घेतलं,
मग मला सांगितलं.

वर येताना पायऱ्या पंचावन्न भरल्या.
बाई म्हणाल्या, चढताना एक जास्तच असते.

दारात त्यांनी विचारलं,
तुमच्याकडे आबला काय म्हणतात?
पाणी, म्हटलं. पण आबही आहे आमच्याकडे,
आब म्हणजे मान, तो राखावा लागतो.
आणि अब्रू आहे. ती जाते.
आबरू! बाई बोळक्या तोंडाने मोठ्यांदा हसल्या,
दुकानातली प्लास्टिकची बाटली उघडली,
ओंजळीच्या खळग्यात थोडं पाणी घेतलं
आणि ओला हात माझ्या कपाळापासून
हनुवटीपर्यंत फिरवला.
रू म्हणजे चेहरा, बेहमन म्हणाला,
चेहऱ्यावरचं पाणी.

वाळायला वेळ लागला नाही,
त्या हवेत काहीच ओलं राहत नाही.

ती दोघं घराकडे वळल्यावर
मी घुमटाला वळसा घालून पलीकडे गेले.
त्या जिन्याला कुलूपही नव्हतं,
दारात शेळीच्या लेंड्या, एक फाटकी चप्पल.
आत वाकून मी खोकले,
एकदाच, उगीच.

खालून तो मोठा होऊन आला.