उसनं नाक

बेटाचं नाव आयला.
मराठीत हसू येतं; येऊ द्या.
तिथली माणसं सरळ चेहऱ्याने म्हणतात,
पाऊस आडवा येत असतानाही.

मर्डो मकफेल, वय शहात्तर.
एकेचाळीस वर्षं डिस्टिलरीच्या गोदामात
पिंपाच्या बुचाशी वाकून सांगायचा:
हे अजून पोरगं आहे, राहू दे.
हे झालं, याला बाहेर काढा.
दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला,
उतरताना वास घेऊन गेला.
आता टोस्ट करपला की मर्डोला
धूर दिसल्यावर कळतं.
कपाटात सहा बाटल्या, लेबलं ओलीने गेलेली.
कुठली कुठली, ते सांगणारं नाकच नाही.

उना, फेरीवर दोर फेकणारी,
सोमवारपासून गोदामात लागणार
म्हणून शनिवारी त्याच्या स्वयंपाकघरात.
मेणकापड, दोन पेले, एक चमचा, वाटीत पाणी.

पहिला घोट तिने शर्यत लागल्यासारखा घेतला.
डोळे भरले, कानशिलं तापली.
"हा फक्त तोंडाला सांगावा," मर्डो म्हणाला.
"आता पेला हनुवटीशी धर. ओठ जरा उघडे.
नाक खुपसू नकोस,
उंबऱ्याशी थांब. ती हाक मारेल."

"व्हॅनिला," उना म्हणाली. "मध. सुकामेवा."
"कुठे वाचलंस?"
"दुकानातल्या खोक्यावर."
"खोक्यावरचं मी लिहिलंय, बये.
ऑफिसातल्या बाईंना मध आवडायचा.
तुला काय येतंय?"

बराच वेळ काहीच नाही.
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर सुरू करत होतं,
तो होत नव्हता.

"शाळेतली जखमेची पट्टी," ती चाचरत म्हणाली.
"हं."
"लोकरीचा मोजा. ओला. हीटरवर टाकलेला."
"पुढे."
"पुढे धूर."
"धूर म्हणजे? कुणाच्या घरचा?"
तिला चिडल्यासारखं झालं. धूर तो धूर.
त्याने चमचा पुढे सरकवला.

तीन थेंब.
पेल्यात तेलासारख्या तारा वळल्या, विरल्या,
आणि काहीतरी दार न वाजवता आत आलं.

"बाबाचा रेनकोट," ती म्हणाली.
"दाराआडचा. डिझेल, मासळीचं मीठ,
आणि खिशात कागदाला चिकटलेली गोळी."
"संत्र्याची की लिंबाची?"
तिने पुन्हा वास घेतला. घाई केली नाही.
"संत्र्याची. पण आधी लिंबाची वाटते."

मर्डोने टेबलावर तळहात टेकले.
"तिसरी रांग," तो म्हणाला, "समुद्राकडची भिंत.
पावसाळी मंगळवार होता. बूच मी ठोकलं होतं.
तुझा बाप दारात उभा होता,
फेरी चुकली म्हणून शिव्या देत."

मग त्याने आपला पेला उचलला.
इतके महिने नुसतं गरम पाणी पीत होता,
तेच प्यायला,
पण या वेळी डोळे मिटून, सावकाश,
ती बोलली त्या क्रमाने.
आधी लिंबू. मग संत्रं.

उना नाक वर करून थबकली.
"टोस्ट," ती म्हणाली. "करपतोय."
अजून धूर नव्हता.
मर्डो उठला नाही.
"कसा?" त्याने विचारलं.
"नीट सांग."