अर्धं डोकं

तिसोन उठतो.
शेपूट नाही, भुंकणं नाही.
येऊन माझ्या बुटावर पंजा ठेवतो
आणि जड करतो.

म्हणजे सहा मिनिटं. कधी चारच.

कात्री खणात. वस्तरा खणात. केटल बंद.
आरशातून डॉन आन्सेल्मो, अर्धं डोकं भादरलेलं,
विचारतात, "आत्ता?"
"आत्ता."

बाहेर पुंता अरेनासचा वारा,
माणसं कोपऱ्यावरच्या दोराला धरून चाललेली.
मी आपली आपणच आडवी होते
फरशीवर, त्यांच्याच पांढऱ्या केसांत.
पडण्यापेक्षा निजलेलं बरं.

मग मी नसते.

जीभ चावलेली. घड्याळ पुढे गेलेलं.
मी कुशीवर; गालाखाली त्यांचं जाकीट,
लोकरीचा उग्र वास.
चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या त्यांनी.
अंग कसं वळवायचं, कुठे मुळीच दाबायचं नाही,
हातांना पाठ आहे.

तिसोन बंदरावरचा, उष्ट्या माशांवर वाढलेला.
कुणी शिकवलं नाही त्याला.
काय वास येतो रे माझा, विचारलं एकदा.
कान खाजवत बसला.

"उरलेले उद्या कापू," मी म्हणते.
"असाच जाऊ? या वाऱ्यात टोपी टिकत नाही, बाई."

हात थरथरायचे थांबेपर्यंत
आम्ही माते पितो, एकाच नळीने.
कात्री अजून खणातच.