सर्व्हर रायते कोठी

'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द
आमच्याकडे आता मराठीच झालेत.
दिवसातून वीसदा मी ते म्हणते,
रेशनच्या आठवड्यात पन्नासदा.

सायत्राबाई नान्हे अंगठा लुगड्याला पुसते,
पुन्हा ठेवते यंत्रावर. लाल दिवा.
जाळं ओढून ओढून
तिच्या बोटांच्या रेघा तलावातच राहिल्या.
"डाऊन आहे काकू," मी खोटंच म्हणते,
यंत्राला तुमची ओळख पटत नाही
हे तोंडावर सांगवत नाही म्हणून.
"तो सर्व्हर रायते कोठी?
आपन जाऊन भेटू ना त्याले."

मला उत्तर येत नव्हतं.
एखादी थंड खोली असेल दूरची,
जिथे यंत्रांना घाम येऊ देत नाहीत.

धान मळून झाल्यावर निहाल आला, कापगत्यांचा,
चार राखाडी डब्या घेऊन, मुठीएवढ्या.
एक शाळेच्या कौलांवर,
एक मच्छीमार सोसायटीच्या गोदामावर,
एक तुडुमाजवळच्या खांबाला,
चौथी माझ्या दुकानावर. तीच सारखी बिघडते,
कारण माकडं.
टॉवरशी त्यांचं देणंघेणं नाही,
त्या एकमेकींशीच बोलतात.

"समजा," निहाल म्हणाला
(समजा म्हणून सुरू होणारी माणसं मला आवडत नाहीत),
"समजा, जिल्ह्यात एकच मोठा तलाव असता..."
"तं त्याचा एकच मालक असता," सायत्राबाई म्हणाली,
आणि पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.
वरच्या बोडीची सलंग खालच्या तलावात,
त्याची आणखी खालच्यात,
एक आटला तरी बाकीच्यांत दाडक, बोटरी, कटवा असतातच.
उपमा कुठेतरी झिरपते, पाळीसारखी.
कामापुरती धरली.

तिचा नवरा डोमाजी दंडारीत राणी व्हायचा,
मिशी काढून, वहिनीचं पातळ नेसून.
नातवानं ते मोबाईलवरच्या कुठल्याशा कंपनीकडे टाकलं होतं.
एक दिवस तिथे पांढरी पाटी आली:
'आमच्या नियमांत बसत नाही.'
कुठल्या नियमात, ते विचारायला खिडकी नव्हती.
डोमाजी तर त्याआधीच गेला होता.

नातवाच्या कार्डात एक नक्कल उरलेली.
ती निहालनं माझ्या डबीत ठेवली,
आणि एक लांबलचक आकडा लिहून दिला,
अक्षरं नि अंक एकमेकांत गुंतलेले.
"हा या फाईलचा अंगठा. आता पत्ता विचारायचा नाही,
अंगठा विचारायचा. ज्याच्याकडे असेल तो देईल.
एक शब्द जरी कुणी बदलला
तरी अंगठा जुळणार नाही."
मी तो रेशनच्या तक्रारवहीत, मागच्या पानावर उतरवला.

"आन् पुसाचं झालं तं?" सायत्राबाईनं विचारलं.
निहाल चष्मा पुसू लागला.
गावभर गेलेली नक्कल परत बोलावता येत नाही,
असं काहीसं बोलला, हळू.
"मंग टाकाच्या आधीच इचार कराव लागल," ती म्हणाली,
"लग्नासारका."

चैतात माकडांनी माझी डबी खाली पाडली.
कार्ड कधीचंच हरवलेलं.
मी वही काढली, अंगठा टाईप केला,
एक अक्षर चुकलं, पुन्हा केला,
आणि उरलेल्या तिघींना विचारलं: कुणाकडे आहे?
गोदाम गप्प. तुडूम गप्प.
शाळेनं हात वर केला.
मंडईच्या सुटीत पोरांनी हसायला म्हणून बघितलं होतं,
तेव्हाची नक्कल तिथेच राहिलेली.

माझ्या काउंटरवर राणी नाचली,
आवाज थोडा फाटका.
सायत्राबाई एकदाही रडली नाही,
फक्त म्हणाली, "पदर चुकीचाच घ्याचा नेहमी."

मग तिनं लुगड्याला अंगठा पुसला,
यंत्रावर ठेवला.
लाल.
"याले सांग ना," ती म्हणाली,
"माह्या अंगठ्याची नक्कल बी
शाळेतच असल."

तांदूळ अजून त्या थंड खोलीतूनच येतो.
मी वहीत तारीख टाकली,
आणि या वेळी
डाऊन आहे, असं म्हटलं नाही.