मांडीवरचं सूत

हेडाऊ शेठच्या गोदामात
मी पेट्यांचे नंबर लिहून घेतो.
पेटीवर चौकटीचौकटीची अक्षरं;
वाचता येत नाहीत, पण ओळखीची झालीत:
हे छपरासारखं, हे दोन माणसं भांडून उभी असल्यासारखं.
आत कोन. एकजात सारखे,
कुठं गाठ नाही, कुठं चूक नाही,
वास तर नाहीच.

आमच्या कोशाला वास असतो.
उकळायला घातले की पाहुणे आळी बदलून जायचे
आणि लग्नाला मात्र कोसाच नेसायचे.

कौतिका सोनकुसरे उजव्या मांडीवर सूत काढायची.
लुगडं गुडघ्याच्या वर, तळव्याला राख,
वाटीत सहासात कोश,
डावा हात ओढतो, उजवा वळतो.
तीस वर्षं.
त्या मांडीवर केस उगवला नाही.
लेकीनं न्हाऊ घालताना विचारलं,
"आई, इथं भाजलं होतं का?"
"नाही वो. इथं साड्या हायेत."

तिचं सूत दिवसाकाठी साठसत्तर ग्रॅम.
कोनाचं वजन तिकडूनच ठरून आलेलं.
कोणी तिला थांब म्हटलं नाही.
कोश आणणारा माणूस फक्त
एका मंगळवारी आला नाही,
आणि रानात सितकुरा मेश्रामनं
येनाच्या झाडाखालची गोफण गुंडाळून घरी नेली.
त्या साली पाखरांनी अळ्या पोटभर खाल्ल्या.

मग जहाजं अडकली.
कुठं, ते शेठलाही नीट सांगता येईना.
भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवायचा,
समुद्र ओलांडून
भंडाऱ्यावर पडलेल्या चहाच्या डागापाशी थांबायचा.
आळीत माग अठरा, चालू दोन.
बाबा रिकाम्या मागावर फणीचा ठोका देत बसायचे,
हात विसरू नये म्हणून.

शेठ कौतिकाच्या दारात आला. चप्पल बाहेर काढली.
"बाई, सूत पायजे."
"किती?"
"निंघन तेवढं."
भाव सांगितला.
ती हसली. "हा त मांगचाच भाव हाये, शेठ.
मोबाइल त नवा दिसते तुमचा."

दुपटीवर तुटलं.
चार महिने आळीत पुन्हा वास.
माझी बायको शिकायला बसली,
पहिल्याच दिवशी मांडी सोलून घेतली,
रात्री खोबरेल लावत मला म्हणाली, बघू नको.
तिचं सूत जाडबारीक, कौतिकाचं थरथरतं.
पदर उजेडात धरला की बाबा दाखवायचे:
इथं म्हातारीला खोकला आला,
इथं तुझी बायको रागावली होती.

फाल्गुनात जहाज सुटलं.
मला कोणी सांगितलं नाही,
ट्रक मागं घेतानाच्या आवाजावरून कळलं.
सतरा पेट्या. मी नंबर लिहिले.
सतराव्या पेटीचा कोपरा ओला होऊन वाळलेला,
वर पांढरी रेघ.
मी बोट लावून चाखली. खारट.
समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

संध्याकाळी कौतिकाबाईनं विचारलं,
"आले का ते बिनवासाचे?"
आले, म्हटलं.
तिनं लुगडं गुडघ्याखाली ओढून घेतलं,
वाटीत बोट घालून कोश मोजले,
मग काय वाटलं, लुगडं परत वर सरकवलं.
"सात हायेत. येवढे त काढून टाकतो.
तो बल्ब जरा इकडं घे."