तीस दिवसांची ट्रायल

सॉफ्टवेअर तीस दिवस फुकट होतं.
म्हणजे आमच्या सुट्टीएवढंच,
आणि ती दोन वर्षांतून एकदा.
एकतिसाव्या दिवशी ‘सेव्ह’ करड्या रंगाचं होणार,
रॉडेलने सांगून ठेवलेलं.
रॉडेल मनिलाचा, बिलिंगला बसतो,
चर्चमध्ये गिटार वाजवतो म्हणून त्याला हे येतं.
मला येत होते फक्त फिल्टरचे पार्ट नंबर.

सलमाबादच्या गोदामात ऑइल फिल्टरच्या खोक्यांमध्ये
घोगळे बुवांना बसवलं.
खोकी आवाज पितात, हेही रॉडेलचंच.
माईक झाडूच्या दांड्याला बांधला.
मृदंग पेडणेकरने मागल्या खेपेला
विमानात मांडीवर बसवून आणलेला.
चवथीला आपण जाऊ शकत नाही,
तर आवाज तरी जाऊ दे, असं ठरलं होतं.

ऑगस्ट.
एसी चालू ठेवला तर रेकॉर्डिंगमध्ये घरघर,
म्हणून एसी बंद.
पत्र्याखाली सात माणसं,
पहिल्या अभंगातच बुवांचा बनियन पिळण्याजोगा.
तेव्हापासून प्रत्येक गजर लवकर चढायला लागला.
मला ते नंतर स्क्रीनवर दिसलं:
मृदंगाचे ठोके सुरुवातीला वाडीतल्या घरांसारखे, लांब लांब,
शेवटी लेबर कॅम्पातल्या खाटांसारखे.

पहिले आठ दिवस मी नुसता कापत सुटलो.
खोकला कापला. चक्कीचा चुकलेला ठोका कापला.
एकदा बुवांचा श्वासच कापला,
तर माणूस गातोय असं वाटेना.
कंट्रोल झेड.
श्वास परत आला.
ही कळ कुणी पाच वर्षांपूर्वी दाखवली असती तर,
पेडणेकर म्हणाला,
आणि पुढे बोलला नाही.

चौथ्या गाण्यात, तिसऱ्या मिनिटाला, अजान.
वेळ बघून बसलो होतो, पण बुवांनी आलाप लांबवला.
दोन रात्री मी ती पुसत होतो.
अजान पुसावी तर बुवांचा आवाज पातळ व्हायचा,
भिंतीवरचं कॅलेंडर ओढताना
सोबत चुना निघावा तसा.
शेवटी बुवांनाच हेडफोन लावला.
सित्रावरून ड्यूटी करून आलेले,
सिमेंट लागलेल्या हातांनी कान धरून ऐकत राहिले.
म्हणाले, “तेचो सूर बरोबर आसा. मीच उतरलंय.”
मग थोड्या वेळाने,
“माका कापून टाक, तेका ऱ्हवांदे.”
मी दोघांनाही ठेवलं.

एकोणतिसाव्या रात्री बारा सीड्या केल्या, तीन वाया गेल्या.
बाहेर येताना कोमट लागायच्या,
तव्यावरून उतरलेल्या घावनासारख्या.
मार्करने सगळ्यांची नावं लिहिली.
माझं कुठे टाकायचं कळेना.
‘आवाज स्वच्छ करणारा’ असं लिहिलं
आणि स्पिरिटने पुसून टाकलं.

चवथीच्या रात्री बुवांच्या मैथिलीचा निरोप आला,
सीडी लागली, शेजारीपाजारी ऐकून गेले.
आणि शेवटच्या गाण्यानंतर बाबा असं काय म्हणतात?

मी विसरलो होतो.
सात सेकंद कापायचे राहून गेलेले:
झांज खाली ठेवल्याचा आवाज, कुणाचं तरी हुश्श,
आणि बुवा, “लाव रे मेल्या एसी, जीव गेलो!”
मग बटणाचा खटका
आणि तीच घरघर,
जिच्यापायी आम्ही महिनाभर घाम गाळला.

आता म्हणे गजर संपत आला की
वाडीतली सगळी पोरं खळ्यात टपून बसतात
आणि एका सुरात ओरडतात,
लाव रे मेल्या एसी!

पुढच्या प्रतींमधून काढू का ते, मी बुवांना विचारलं.
तसं आता काढता येणारच नव्हतं,
सेव्ह करडं होऊन चार दिवस झालेले,
पण विचारलं.
बुवांनी घरी फोन लावला होता.
रिसीव्हरवर हात ठेवून मला म्हणाले,
“घरात पंखो एकच आसा,”
आणि कार्ड संपेपर्यंत
तिकडच्यांना पुन्हा पुन्हा ओरडायला लावत राहिले.