बाकीचा रकाना

वडगावात, मागांच्या गल्लीत माझा स्टुडिओ.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मराठीतला 'फो' उन्हानं अर्धा खाल्लेला.
शटर उचलतो साडेआठला.
येतो मात्र साडेसातला, मागच्या दारानं,
आणि डार्करूममध्ये जाऊन बसतो.

आता तिथे काही धुतलं जात नाही.
लाल दिव्याची वायर उंदरांनी नेली,
ट्रेमध्ये लग्नांच्या जुन्या पेनड्राइव्ह.
हायपोचा वास तेवढा भिंतीनं धरून ठेवलाय,
बाबांच्या बोटांना जेवतानाही यायचा, तोच.

पाट टाकतो. डोळे मिटतो.
दोन्हीकडे पॉवरलूम,
खटक् खटक्, खटक् खटक्.
शांत बसा म्हणणाऱ्यानं
एकदा या गल्लीत राहून दाखवावं.
मी धोट्याच्या फेऱ्या मोजतो.
बाविसाव्या फेरीला गणेशपूरचा अल्बम आठवतो,
एकतिसाव्या फेरीला नवऱ्यामुलाचा मामा,
ज्याला मी एकाही फोटोत घेतलं नाही.
परत एकपासून.

मागच्या दारातून वैनी विचारते,
"काय करूलैस रे आत? झोपूलैस?"
"होय," म्हणतो.
झोप सांगायला सोपी.

मग वही.
बाबांचं ऑर्डर रजिस्टर, अर्धं कोरं राहिलेलं.
रकाने छापील आहेत, तेच वापरतो:
नाव, साइज, प्रती, आगाऊ, बाकी.
नियम एकच, मीच केलेला, दोनदा मोडलेला:
ज्याचा फोटो काढला नाही, तेच इथे लिहायचं.

नाव: कपिलेश्वरच्या पुलावर थांबलेली म्हैस, मागे बारा गाड्या.
साइज: मावली नाही.
प्रती: –
आगाऊ: तिनं एकदा माझ्याकडे बघितलं.
बाकी: हॉर्न.

नाव: शहापुरात पहाटे रंगाची बादली ओतणारा पोरगा.
गटार जांभळं, मग परत गटार.
साइज लिहायचं राहिलं.

गेल्या गुरुवारी तंगेव्वा आली.
पेन्शनच्या अर्जाला दोन फोटो पाहिजेत.
चाळीस वर्षं बल्बखाली तुटके धागे सांधलेले डोळे,
फ्लॅश उडायच्या आधीच मिटतात.
"कण्ण मुच्चबेडी, अज्जी."
मिटले.
"अज्जी, डोळे उघडे."
मिटले.
सात वेळा.
मी चिडलो होतो. बाहेर दोन गिऱ्हाइकं,
आणि माझ्या आवाजात बाबांचा आवाज येत होता.

तेवढ्यात करंट गेला.
गल्लीतले सगळे माग
एकदम थांबले.

असं थांबणं कानाला लागतं, ठेच लागते तसं.
तंगेव्वानं मान वळवली
आणि डोळे उघडले, ऐकण्यासाठी.
दारातून आलेला उजेड तिच्या गालावर,
सुरकुत्यांत कापसाची किंचित तूस,
एक डोळा तपकिरी, दुसऱ्यावर दुधाचा पडदा.
कॅमेरा चार्ज केलेला होता. बोट बटणावर.
मी दाबलं नाही.

विसरलो, असं म्हणता येईल.
पण विसरलो नव्हतो.
तिथेच होतो, अख्खा,
ना अल्बमात, ना मामात.

"येल्ला निंतु," ती म्हणाली, सगळं थांबलं.
मग करंट आला, माग सुरू झाले,
ती हसली, डोळे मिटून.
नववा फोटो कसाबसा जमला.
ऑफिसात चालला, असं तिच्या सुनेनं सांगितलं.

रात्री रजिस्टर उघडलं.
नाव: तंगेव्वा.
साइज: दारातून येतो तेवढा उजेड.
प्रती: –
आगाऊ: करंट गेला ती वेळ, तीन मिनिटं असेल.
बाकी:
इथे पेन बराच वेळ धरून बसलो,
शाईचा एक ठिपका पडला.
तो तसाच ठेवलाय.

आज सकाळी सदतीस फेऱ्या झाल्या.
अडतिसाव्या फेरीला कोणीतरी शटर वाजवलं,
"आधारचा फोटो होईल का, लगेच?"