वस्तू क्रमांक एक

साखर पेठेत, टॉवेलच्या बंद कारखान्यात
आमचं संग्रहालय आहे : दोन खोल्या, एक पत्र्याचं शेड.
किल्ली माझ्याकडे असते.
पूर्वी इथली हजेरीवही असायची.

क्रमांक दोन : राजमल्लू दुडम यांचा डबा, जर्मनचा, कडी तुटकी.
तीन : चष्मा. एका काडीच्या जागी सूत.
चार : धोटा, हाताळून हाताळून गुळगुळीत.
क्रमांक एकची काचपेटी रिकामी आहे.
लोक वाकून बघतात, मग माझ्याकडे बघतात.
मी सांगतो, शीळ आहे ती.
दिसायची नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे,
फक्त एकसारखी नाही.
गिरणीचा भोंगा एका पहाटे बसला
आणि राजमल्लूंनी पाण्याच्या टाकीवर चढून
दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली
की पहिली पाळी वेळेवर फाटकात.
कन्ना चौकातले म्हणतात, कंबर तलावातली बदकं उडाली.
दाजी पेठेतले म्हणतात, होटगीला मालगाडी थांबली.
तेलुगूत भोंगा तीन दिवस बंद होता,
कानडीत सात.
फलक मराठीत रंगवायचा होता,
म्हणून आम्ही पाचावर तडजोड केली.

गड्डा उठला की पुढच्या रविवारी आमचा दिवस.
बायकांची विड्या वळायची शर्यत,
पोरांना हातमागावर चार बोटं विणू देतो,
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.
आणि शेवटी शीळ. ज्याची लांब जाईल त्याला स्टीलचा डबा.

यंदा परीक्षक म्हणून त्यांची लेक आणली,
नरसव्वा. रिक्षातून, नातवाचा दंड धरून.
बोटं तंबाखूनं पिवळी.
रिकाम्या पेटीपुढं ती बराच वेळ उभी राहिली.
मला वाटलं, विचारणार, हे काय ठेवलंय म्हणून.
म्हणाली,
"नायना बहिरे होते की ओ.
मागाच्या खटखटीनं कान गेलेले.
मी सात वर्षांची, टाकीखाली उभी.
शीळ घालायचे अन् खाली बघून विचारायचे,
वच्चिंदा? आली का?
मी मान हलवायची.
मान दुखायची, पण हलवायची."

फलकावर हे कुठंच नाही.
रंगारी अक्षरामागं पैसे घेतो.

एकतीस पोरं झाली, त्यांत अकरा पोरी
(पोरींनी शीळ घालू नये, असं मागून कोणी पुटपुटलं,
त्याच्याच पोरीची सगळ्यांत कर्कश निघाली).
काहींची आली, काहींची नुसती थुंकी.
शेखांच्या मुअज्जमचे पुढचे दोन दात पडलेले,
त्याचा निव्वळ वारा.
प्रत्येक पोर शीळ घालून तिच्याकडं बघे.
का कोण जाणे, कोणी सांगितलं नव्हतं.
ती मान हलवे.
मुअज्जमलाही.
गुणांचा कागद कोराच परत दिला.

स्टीलचा डबा माझ्या टेबलावर पडून आहे.
कोणाला द्यायचा, समितीत दोनदा भांडून झालं.

त्या संध्याकाळी सतरंज्या झटकल्या, दिवे मालवले,
कुलूप लावताना बोळात कोणी नाही असं बघून
मीही दोन बोटं तोंडात घातली.
आली की नाही, सांगता येत नाही.
बोटांना चटणीची चव होती.